पहिल्याच हिमालयवारीत थेट लेह गाठावे का?

नांदेडचा मास्तर : येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण पहिल्यांदाच हिमालयात जाणार आहोत. त्यांत 64 वर्षांची आई आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. मेहुण्यांचा आग्रह असा, की दिल्लीहून विमानाने सव्वा तासात लेह गाठावे. मला हे पटत नाही. माहूरगड हाच ज्यांच्या लेखी डोंगर, त्यांनी सकाळचा चहा सव्वादोनशे मीटरवरच्या दिल्लीत आणि दुपारचे जेवण साडेतीन हजार मीटरवर, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरतो तिथे घेणे, हे धाडसाचे वाटते. माझा बेत असा : सचखंड एक्सप्रेसने अंबाला, मग कालक्याहून छोट्या गाडीने शिमला (96 किलोमीटरांत ती 656 मीटरवरून 2,076 मीटरवर चढते), तिथे दोन मुक्काम, पुढे हिमाचलातलेच सराहन आणि सुमारे 2,700 मीटरवरचे सांगला. 3,450 मीटरवरचे चितकुल फक्त दिवसा पाहून मुक्कामाला परत सांगल्यात यायचे. माझे काही चुकते आहे का?

गोदाकाठ : चुकते आहे, सर. दोन वर्षांपूर्वी आम्ही सत्तरीतल्या सासऱ्यांना घेऊन थेट लेहला उतरलो आणि दोन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. सासरे ठणठणीत राहिले. रोज तालमीत जाणारा भाचा मात्र पहिल्याच दुपारी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढून आला आणि रात्रभर बादली घेऊन बसला. म्हणजे प्रश्न विमानाचा नसून पहिल्या दोन दिवसांच्या संयमाचा आहे. उलट तुमच्या बेतात रेल्वेचा दीड दिवस आणि शिमल्यापुढे कडा कापून काढलेला दोनशेहून अधिक किलोमीटरांचा रस्ता आहे. सांगल्याजवळच्या बटसेरीत 25 जुलै 2021 रोजी दरड कोसळून नऊ पर्यटक दगावले. ते पावसाळ्यात घडले हे खरे, पण आईंच्या कमरेला उन्हाळ्यातले खड्डेही तेवढेच लागतील.

लातूरचा मेडिकलवाला : गोदाकाठ, दोन दिवस काढले म्हणजे सुटलो, हा समज धोक्याचा आहे. लेहच्या सहलींत बहुधा चौथ्या-पाचव्या रात्रीच पँगाँग सरोवराकाठी, म्हणजे सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, झोपवतात. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हा सर्वमान्य नियम तिथेच मोडतो. दुसरे, डोकेदुखी आणि उलट्यांनंतर तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर खरा उपाय खाली उतरणे हाच. सांगल्याहून सतलजच्या काठाने रामपूरला आलात, की तुम्ही हजार मीटरवर असता. लेहहून श्रीनगरकडे निघालात, तर आधी 4,108 मीटरची फोटू ला खिंड चढावी लागते. (एप्रिल लागला, की दुकानात उंची बाधू नये म्हणून घ्यायच्या ‘डोंगराच्या गोळ्या’ मागणारे येतात. मूत्रपिंडाचा विकार किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास त्या महागात पडू शकतात. म्हणून चिठ्ठीशिवाय मी देत नाही.)

गोदाकाठ : उतरण्याचा मुद्दा मान्य. तथापि लेहमध्ये असे रुग्ण रोज हाताळणारे मोठे सरकारी रुग्णालय गावातच आहे. सांगल्यात तशी सोय नाही, हेही मास्तरांनी जमेस धरावे.

नांदेडचा मास्तर : धरले. आईचा रक्तदाब तपासून, डॉक्टरांनी होकार दिला तरच निघू. कमरेचे म्हणणे रास्त असल्याने शिमल्याहून एका दमात सांगला न गाठता सराहनला एकाऐवजी दोन रात्री काढू. चितकुलला आईला मळमळले, तर गाडीतून न उतरताच मागे फिरायचे, हे चालकाला आधीच सांगून ठेवणार आहे. मेहुण्यांना हा सगळा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मग लेहजवळची खर्दुंग ला खिंड कधी बघायची?” आईने मात्र धपाटे किती दिवस टिकतील, एवढेच विचारले. अंबाल्यापर्यंतची पाच तिकिटे आज काढली. सगळ्यांत खालचा बर्थ तिचा.