रेवडी, खिरापत आणि सरसकट

बर्डीकर : सकाळी तर्री-पोह्यांवर वाद पेटला. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये, एसटीचं अर्धं तिकीट, मोफत रेशन, सगळ्याला मित्राचा एकच शब्द. 'सरकार रेवड्या वाटून राह्यलं ना भाऊ!' मी म्हटलं, मराठीत खिरापत म्हण. पण दोन्ही शब्द एकच का?

इतवारीवाली : मुळीच नाहीत. मराठीतली जुनी रेवडी 'उडवायची' असते, म्हणजे टर. वाटायची रेवडी हिंदीतली : 'अंधा बांटे रेवडी, फिर फिर अपनों को दे'. आंधळा वाटतो, पण फिरून फिरून आपल्याच माणसांना. टोमणा फुकटपणावर नाहीच, वशिल्यावर आहे. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या भाषणातून 'रेवडी कल्चर' गाजलं, आणि आता सगळ्यांना मिळणाऱ्या गोष्टीलाही लोक रेवडी म्हणतात. अर्थ पार उलटा झाला.

खिरापतीचं मूळ अरबी 'खैरात', म्हणजे दानधर्म. पण आपल्या विदर्भातल्या भुलाबाईत, पोरींच्या गाण्यांच्या सणात बघा. गाणी म्हणायची, डबा हलवून आत काय ते ओळखायचं, आणि ओळखता आलं नाही तरी प्रत्येक पोरीच्या हातावर वाटा पडतोच. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही.

धंतोलीकर : म्हणूनच खिरापत महाग पडते! लाडकी बहीण २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हाच वर्षाला ४६,००० कोटींचा आकडा होता.

इतवारीवाली : पण ती खिरापत नाहीच की. वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. वर अर्ज तपासा, ई-केवायसी करा, नावं गाळा. निवडायलाही माणसं आणि पैसा लागतो, तो खर्च कोणी मोजत नाही. याउलट मार्च २०२३ पासूनचं बायकांचं एसटीतलं अर्धं तिकीट. गणेशपेठच्या स्टँडवर प्राध्यापिका चढो की मजूर बाई, कंडक्टर उत्पन्न विचारत नाही. याला नेमका शब्द आहे 'सरसकट'.

महालकर : त्या शब्दाची २०१७ च्या कर्जमाफीत पुरती वाट लागली. मागणी सरसकटची, आणि हाती आलं 'तत्त्वतः' नि 'निकष'. दीड लाखाची मर्यादा आली. तेव्हापासून आमच्या घरी पाहुण्याला 'पोटभर जेवा' म्हणताना कोणीतरी हळूच 'निकषांसह' जोडतंच.

बर्डीकर : 😂 मग 'सार्वत्रिक' चालेल?

इतवारीवाली : 'सार्वत्रिक निवडणूक', 'सार्वत्रिक पाऊस' ठीक. पैशाला तो कागदी वाटतो. सरसकटमध्ये विळ्याने एका घावात कापल्याचा आवाज आहे.

धंतोलीकर : अर्थ पटला, खर्च नाही. भुलाबाईत आज एका घरची खिरापत, उद्या दुसऱ्या घरची, पाळी सगळ्यांवर येते. सरकारी डबा मात्र करासोबत कर्जातूनही भरतो, आणि ते फेडायची पाळी आज गाणी म्हणणाऱ्या पोरींवर येणार. अशा खिरापतीला काय म्हणायचं, तेवढं सांगा.