बिल्डिंग ऑपरेटर सर्टिफिकेशन : रिन्यूअलला तीन तास कमी पडताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळचा इचलकरंजीचा, आयटीआय रेफ्रिजरेशनचा. सध्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, टकोमाजवळच्या एका शाळेच्या इमारतीत ऑपरेटर आहे. बॉयलर, एअर हँडलर (हवा गरम-थंड करून खोल्यांत पाठवणारं यंत्र), छतावरचे पंखे, सगळं माझ्याकडे. इथे आल्यावर बीओसीची, म्हणजे बिल्डिंग ऑपरेटर सर्टिफिकेशन या इमारत चालवणाऱ्यांच्या प्रमाणपत्राची, लेव्हल वन केली. रात्रपाळी सांभाळून केली, म्हणून ती हातची जाऊ द्यायची नाही.

रेफ्रिजरंट (एसीतला गॅस) हाताळण्यासाठीचं अमेरिकी पर्यावरण खात्याचं ईपीए ६०८ कार्ड एकदा मिळालं की आयुष्यभर चालतं. बीओसीचं तसं नाही, पुढे शिकत राहिल्याचे तास दाखवावे लागतात. माझे तीन कमी आहेत. ऑक्टोबरपर्यंत दुसरीकडे होतो, तिथे दोन प्रशिक्षणं झाली, पण हजेरीपट कुणी ठेवलाच नाही आणि आता सही द्यायला कुणी तयार नाही.

आता खरा प्रश्न. जानेवारीत एका एअर हँडलरचं गरम पाणी सारखं पूर्ण सुरू राहायचं. कंट्रोलच्या स्क्रीनवर बाहेरच्या हवेचा डॅम्पर (हवा कमी-जास्त आत घेणारी पात्यांची झडप) २० टक्के उघडा दिसत होता. कंट्रोलवाल्या कंपनीचा टेक्निशियन आला आणि त्याने आधी मला कागद-पेन घ्यायला लावलं. बाहेर ४० अंश फॅरनहाइट, खोल्यांतून परत येणारी हवा ७०. बाहेरची हवा २० टक्केच असेल तर मिश्रण ६४ च्या आसपास हवं. आमचं होतं ४७. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त हवा बाहेरची! वर जाऊन पाहिलं तर लिंकेज, म्हणजे मोटर आणि पाती जोडणारा दांडा, सटकलेलं. स्क्रीन दाखवते तो दिलेला हुकूम, पाती खरोखर कुठे आहेत ते नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्याने इकॉनॉमायझरचं (बाहेरची थंड हवा वापरून एसीची वीज वाचवणाऱ्या व्यवस्थेचं) सगळं तर्कशास्त्र तीन तास समजावलं. वर्गात बसून इतकं शिकलो नव्हतो.

हे तास धरता येतील का? कागद कसा तयार करू? आणि लेव्हल टू आत्ताच करावी का? आमची इमारत १,२०,००० चौरस फुटांची आहे. राज्याच्या क्लीन बिल्डिंग्ज कायद्याप्रमाणे ९०,००० ते २,२०,००० फुटांच्या इमारतींना १ जून २०२७ ची मुदत आहे. वीज-गॅसचा दर चौरस फुटामागचा वापर, देखभालीचा कार्यक्रम, सगळं मांडायचंय आणि ते माझ्याच गळ्यात येणार.

प्रतिसाद १
दादा, दुरुस्तीचे तास आणि शिकवणीचे तास वेगळे काढा. लिंकेज बसवण्यात गेलेला वेळ प्रशिक्षणात घालू नका, एका शंकेपायी सगळा अर्ज अडकतो. त्या कंपनीकडून लेटरहेडवर पत्र घ्या : तारीख, किती ते किती, विषय, शिकवणाऱ्याचं नाव, सही. सोबत तुमचं ते ६४ आणि ४७ चं गणित आणि त्या दिवसाचे ट्रेंड लॉग (कंट्रोल सिस्टिममधल्या तापमान वगैरेच्या वेळेनुसार नोंदी) जोडा. पाठवण्याआधी हे धरतात का ते बीओसीच्या कार्यालयाला ईमेलवरच विचारा, फोनवर नको.

प्रतिसाद २
लेव्हल टू घाईत नको असं माझं मत. आधी एनर्जी स्टारच्या पोर्टफोलिओ मॅनेजरमध्ये (इमारतीचा ऊर्जावापर नोंदवायच्या ऑनलाइन साधनात) शाळेची वीज-गॅसची बिलं भरा, मोफत आहे. २०२७ साठी ते लागणारच, आणि कुठे गळतंय ते दिसल्यावर पुढचं काय शिकायचं तेही कळेल. हजेरीपट मात्र यापुढे स्वतःच ठेवा, प्रत्येक प्रशिक्षणानंतर तिथल्या तिथे सही.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. टेक्निशियनला फोन केला, तो पत्र द्यायला आनंदाने तयार आहे. त्याच्या हिशेबाने शिकवणी अडीच तासांची, बाकी दुरुस्ती. मीही तेवढेच लिहिणार. उरलेल्या अर्ध्या तासासाठी रात्रपाळीवाल्याला जमेल असं, रेकॉर्ड केलेलं आणि प्रमाणपत्र देणारं काही कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. विषय बॉयलरचा असला तर फारच बरं.