पिल्लाचं डोकं हलतंय, चालताना पडतंय. कशामुळं असेल?

दूधटेम्पो_खानापूर

नंदगडच्या अलीकडं आमचं गाव. पहाटे साडेचारला दूध गोळा करायला टेम्पो घेऊन निघतो, त्यामुळं कुत्र्यांशी संबंध रोजचा, पण तो लांबून भुंकणाऱ्यांशी. घरची कुत्री यंदा पहिल्यांदाच व्याली. गोठ्यात, भाताच्या गवतामागं. चार पिल्लं. तीन धडधाकट आहेत. चौथं तांबूस, त्याच्याबद्दल विचारतोय. आता सात आठवड्यांचं झालं.

बाकीची चालायला लागली तेव्हा हे पण उठलं, पण चारी पाय फाकवून. पाऊल उचलतं ते उगाच उंच, पायरी चढल्यासारखं, आणि टाकतं धप्पकन. चार पावलं झाली की कलंडतं. कधी डावीकडं, कधी उजवीकडं. रडत नाही. उठतं, परत तेच.

खरा प्रकार दुधाच्या ताटलीपाशी. नुसतं बसलेलं असतं तेव्हा डोकं जवळजवळ स्थिर. ताटलीकडं तोंड न्यायला लागलं की मान ‘हो हो’ म्हणाल्यासारखी हलायला लागते, आणि दूध जवळ येईल तशी जास्तच. शेवटी तोंड पार डोळ्यापर्यंत दुधात. शिंकतं, मागं बसतं, परत येतं. निम्मं दूध फरशीवर जातं, ते बाकीची तिघं चाटून मोकळी.

झोपलं की काही नाही. रात्री बॅटरी मारून बघितलंय, दगडासारखं शांत. भूक आहे, शी नीट आहे, ताप वाटत नाही.

आणखी एक सांगायला पाहिजे. पाचव्या आठवड्यात चौघांना लूत लागली म्हणून गावात गुरांना सुया मारायला येणाऱ्या एकाकडून इंजेक्शन दिलं. किती दिलं मी बघितलं नाही, टेम्पोत होतो. आई म्हणते त्यानंच झालं. बायको म्हणते आधीपासून होतं. शेजारचे अण्णा म्हणतात मलप्रभेच्या काठाला सोडून ये, उगाच हाल कशाला.

याला काय झालंय, आणि जगेल का, तेवढं सांगा.

टिळकवाडीची_पोमी

आमच्या पोमेरियनचा तोल गेला होता तेव्हा कान निघाला. आतल्या कानापर्यंत पू गेलेला. पण तिची मान एका बाजूला वाकडी राहायची, गोल गोल फिरायची ती पण त्याच बाजूला, आणि बुबुळं सारखी सरकत होती. तुमचं पिल्लू दोन्ही बाजूला पडतंय म्हणताय, म्हणजे वेगळं असावं. तरी कान हुंगून बघा, वास येतो. आणि डॉक्टरांनी आत बघितल्याशिवाय घरातले कसलेही थेंब घालू नका. पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांनीच कान आणि तोल दोन्ही जातात. आम्ही आधी घातले होते, म्हणून सांगते.

निपाणीची_मावशी

आमच्यात इड्या वळत्यात, म्हणजे विड्या. सुपात तंबाखू घिऊन उंबऱ्यात बसलेली, आत भाजी ढवळायला गेले तेवढ्यात पिल्लानं सुपात तोंड घातलं. अर्ध्या तासात लाळेची तार लागली, ओकलं, मागचे पाय लुळे, आनि डोकं अंग समदं थरथर. मला वाटलं गेलंच आता. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सलाईन लावलं, सांजच्याला उठून बसलं. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची न्हाई. पण दादा, आमचं एकदम झालं, एका तासात. तुमचं तर तीन-चार आठवडे चाललंय. तरी गोठ्यात, कट्ट्यावर कुनी तंबाखू थुकतंय काय ते बघा. पिल्लं कायबी चाटत्यात.

बटाटा_उचगाव

नजर आहे. मीठ-मोहरी ओवाळा आणि कॅल्शियमचं सिरप चालू करा. दोन्ही स्वस्त.

निवृत्त_चिकोडी

तीस वर्षं बैलांच्या आणि म्हशींच्या मागं गेली, कुत्री मधे मधे. पिल्लू हातात घेतल्याशिवाय निदान होत नाही हे आधी लिहून ठेवतो. पण दूधवाल्यांनी बघितलंय चांगलं, निम्मं काम त्यांनीच केलंय.

थरथर दिसली की मी तीन गोष्टी विचारायचो. कधी सुरू झाली, झोपेत थांबते का, आणि वाढत चाललीय का. यांच्या पिल्लात ती चालायला लागल्या दिवसापासून आहे, झोपेत बंद होते, आणि एखाद्या वस्तूकडं तोंड नेताना वाढते. पाय फाकवून उभं राहणं, पाऊल नको तेवढं उंच टाकणं, अंगात जोर असून अंदाज नसणं. हे सगळं लहान मेंदूकडं बोट दाखवतं, जो डोक्याच्या मागच्या बाजूला असतो आणि हालचालीचं मोजमाप सांभाळतो. पिल्लू पोटात असताना किंवा जन्मल्यावर लगेच त्याची वाढ अर्धवट राहिली की असं होतं. कधी विषाणूमुळं, कधी उपजतच. मांजरांत हे जास्त बघायला मिळतं. गाभण मांजरीला पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू लागला की पिल्लं अशीच डुलत फिरतात.

यात बरी बाजू एकच, ते वाढत नाही. बरंही होत नाही, पण पिल्लू स्वतःचा हिशोब बसवायला शिकतं. याच्यासारखाच दिसणारा दुसरा आजार आहे, त्यात पिल्लू आधी नीट चालतं आणि मग लहान मेंदूतल्या पेशी झिजत जाऊन आठवड्या-महिन्यांत बिघडत जातं. म्हणून मोबाईलवर दर रविवारी एकच चित्रण करा. तीच ताटली, तीच जागा. डोळ्याला रोज बघून फरक कळत नाही.

आता भीती कशाची ते सांगतो. आमच्याकडं टोपलीत घालून आणलेलं थरथरतं पिल्लू बहुतेक वेळा डिस्टेंपरचं, म्हणजे कुत्र्यांच्या एका विषाणूच्या आजाराचं निघायचं. आधी डोळ्याला चिपडं, नाकाला शेंबूड, खोकला, हगवण, आणि काही दिवसांनी एखादा पाय किंवा जबडा ठेका धरल्यासारखा उडायला लागतो. ते उडणं झोपेतही चालू राहतं. पंजाच्या गाद्या कडक झाल्यात का चाचपून बघा. तुमच्यात ही लक्षणं दिसत नाहीत, पण कुत्रीला लस नव्हती असं धरून चालतो. बाकीच्या तिघांची लस या आठवड्यात सुरू करा. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. एका सुईवर थांबू नका.

पिसाळण्याचं पण विचारतो, राग मानू नका. आईला किंवा पिल्लाला कुठलं कुत्रं, कोल्हा चावलाय का? रेबीज असतं तर लक्षणं सुरू झाल्यावर साधारण दहा दिवसांत खेळ संपतो, तुमचं पिल्लू महिनाभर आहे तसं आहे. त्यामुळं मला तसं वाटत नाही. पण चावा झाला असेल किंवा आता लाळ गळायला लागली, जबडा लोंबला, तर तोंडात बोट घालून पाजू नका. ओरखडा असेल तर साबणानं पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी माणसाच्या दवाखान्यात जाऊन सुई घ्यायची.

त्या इंजेक्शनचं. ते आयव्हरमेक्टिन असणार, लुतीवर आणि जंतांवर देतात ते. गुरांची बाटली एक टक्क्याची असते, पन्नास किलोला एक सीसी असा हिशोब. तोच हिशोब दोन किलोच्या पिल्लाला लावला तर ०.०४ सीसी येतो, म्हणजे सुईच्या टोकाला थेंब. म्हशीच्या सिरिंजनं तेवढं मोजताच येत नाही. जास्त झालं की डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, लाळ, थरथर, झोकांड्या, कधी तात्पुरतं आंधळेपण. पण ते सुईनंतर सुरू होतं. तेव्हा आई खरी की सूनबाई खऱ्या, एवढंच शोधून काढा.

कॅल्शियम उचगावकरांनी स्वतः प्यावं. कॅल्शियम कमी पडून थरथरते ती बहुधा पाजणारी कुत्री, पिल्लू नव्हे. पिल्लाचा उतरतो तो साखरेचा अंश, जंतांनी पोखरलेलं किंवा उपाशी असलं की. ते मलूल पडतं, गार लागतं. तेव्हा हिरडीला मध चोळून दवाखाना गाठायचा. पोट भरलेल्या पिल्लाला त्याची गरज नाही.

दूधटेम्पो_खानापूर

बायको खरी. मुलीच्या मोबाईलमध्ये चित्रण सापडलं, सुईच्या आठ दिवस आधीचं. त्यात पिल्लू तसंच डुलतंय आणि मागं आईच म्हणतेय, ‘हे बघा दारू पिऊन आलंय.’ दाखवलं तर म्हणाली, तेव्हा कमी होतं.

चावा कुणाचा नाही. गाद्या मऊ आहेत, डोळे स्वच्छ. कान हुंगला, दुधाचाच वास येतोय. कुत्रीला लस नव्हती, खरं आहे. लाज वाटली लिहायला म्हणून आधी लिहिलं नाही.

निवृत्त_चिकोडी

लाज सोडा, टोपली घ्या आणि बेळगावला दाखवून या. चित्रण बरोबर न्या. टेबलावर ठेवलं की पिल्लं घाबरून गप्प बसतात, डॉक्टरला काहीच दिसत नाही. शेतात दाणेदार कीटकनाशक, गोगलगायीचं औषध, बुरशी आलेलं खाणं यांच्यापासून चौघांनाही लांब ठेवा. त्यानंही थरथर होते, पण ती तासाभरात जीवावर येते. असं काही खाल्लं तर घरगुती उपाय करत बसू नका, पुडी बरोबर घेऊन पळा.

दूधटेम्पो_खानापूर

सोळा दिवसांनी लिहितोय, पावसानं दोनदा लाईन गेली.

बेळगावला दाखवलं. डॉक्टर कन्नड, माझं कन्नड दुधाच्या हिशोबापुरतं. ‘तले अल्लाडतैती’, म्हणजे डोकं हलतंय, एवढं सांगितलं आणि मोबाईल पुढं धरला. त्यांनी चित्रण दोनदा बघितलं. मग डोळ्यात बॅटरी, कान, गाद्या, पाय उलटा ठेवून सरळ करतंय का ते. टाळू दाबून बघितली, उघडी नाही, म्हणजे डोक्यात पाणी साठल्यासारखं वाटत नाही म्हणाले. अंदाज लहान मेंदूचाच. पक्कं करायचं तर एमआरआय, आणि ते करूनही औषध बदलणार नाही, असं त्यांनीच सांगितलं. जंताचं औषध वजन करून दिलं, एक किलो नऊशे भरलं. चौघांना पहिली लस टोचली. कुत्रीची लस आणि ऑपरेशन दिवाळीआधी करून टाकायचं ठरवलंय.

तीन रविवारची चित्रणं झाली. वाढलेलं नाही. मला तर थोडं कमी वाटतंय, पण मी घरचा, माझं धरू नका.

शहाबादी फरशीवर पोती अंथरली, त्यानं घसरणं निम्म्यानं कमी झालं. दुधाऐवजी घट्ट पेज देतोय, नाकात जात नाही. ताटलीच्या जागी जुनी दगडी उखळी, विटेवर ठेवून भिंतीला लावली. पिल्लू आपणहून भिंतीला खांदा टेकवतं आणि खातं. हे त्याला कुणी शिकवलं नाही. टेकल्यावर डोकं हलतं, पण नेम चुकत नाही. मुलीनं नाव ठेवलंय भोवरा.

परड्यात विहीर आहे, तिला कठडा फक्त तीन बाजूंनी. चौथी बाजू सध्या टेम्पोच्या टायरनी अडवलीय. पाऊस उघडला की चिरे आणून बांधून घेतो. अण्णा म्हणालेत, दगड मी देतो.