शब्दचर्चा : उच्छ्वास, निःश्वास की रेचक?

प्रश्न : फुफ्फुस प्रत्यारोपण झालेल्यांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. त्यात सीटी स्कॅन दोनदा येतो, एकदा छाती भरून श्वास घेतल्यावर आणि एकदा तो पूर्ण सोडल्यावर. दुसऱ्याला ‘निःश्वास सीटी’ लिहिलं, पण कानाला खटकतंय.

प्रतिसाद १ : खटकणारच. अर्थ बरोबर आहे, पण मराठीत निःश्वास टाकतात तो सुटकेचा. योगातले पूरक, कुंभक, रेचक (श्वास घेणं, रोखणं, सोडणं) अगदी नेमके. मात्र रेचक म्हटलं की लोकांना जुलाबाचं औषध आठवतं, आणि काही तपासण्यांआधी ते खरोखरच देतात. रुग्णाच्या हातातल्या कागदावर असा घोटाळा नको. ‘उच्छ्वास’ घ्या, श्वासोच्छ्वासामुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

प्रतिसाद २ : उच्छ्वासालाच माझं मत. श्वास सोडल्यावर निरोगी फुफ्फुस आकसतं आणि चित्रात राखाडी होतं. बारीक श्वासनलिका बुजत चालल्या असतील, तर तिथली हवा बाहेरच पडत नाही आणि तेवढे तुकडे काळे राहतात. छाती भरलेली असताना हा फरक सहज नजरेतून सुटतो. ‘एअर ट्रॅपिंग’ला सरळ ‘हवा अडकणे’ म्हणा. नव्या फुफ्फुसाचा जुनाट बिघाड बहुतेकदा असाच सुरू होतो. फुंकण्याच्या चाचणीत पहिल्या सेकंदाची हवा प्रत्यारोपणानंतरच्या सर्वोत्तम पातळीपेक्षा 20 टक्के किंवा जास्त घटली आणि घटलेलीच राहिली, की डॉक्टर त्याचा शोध घेतात. पण ती चाचणी दोन्ही फुफ्फुसांची बेरीज सांगते. एकच फुफ्फुस बदललेलं असेल तर नवं किती काम करतंय, जुनं किती, हे चित्रांतूनच वेगळं काढावं लागतं.

प्रश्नकर्ती : आणि व्हेंटिलेशन-परफ्यूजन स्कॅन?

प्रतिसाद १ : ‘वायुवीजन’ शुद्ध आहे (वी दीर्घ, वीजन म्हणजे वारा घालणं), पण वाचणाऱ्याला खिडक्या आणि झरोके आठवतील. ‘हवा-रक्तप्रवाह स्कॅन’ लिहा. हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचतं, हे दोन्ही त्यात दिसतं.

प्रतिसाद २ : झेनॉन एमआरआय, म्हणजे फुफ्फुसात वायू कुठे पोचतो ते दाखवणारी तपासणी, तिचं नाव मात्र तसंच ठेवा. 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या तपासणीत रुग्ण झेनॉन वायू हुंगतो, असं काही ठिकाणी छापलेलं पाहिलं. हुंगतात फूल. इथे तो श्वासावाटे छातीत घेऊन काही सेकंद रोखून धरायचा असतो. आणि उच्छ्वास सीटीच्या शेजारी सूचना स्पष्ट हवी : ‘श्वास पूर्ण सोडा आणि सांगेपर्यंत परत घेऊ नका.’ नुसतं ‘श्वास रोखा’ ऐकलं की माणूस आधी छाती भरून घेतो, आणि तपासणी वाया जाते.