चिचेन इत्झा आणि सेनोते एकाच दिवसात: कुठली टूर घ्यावी?

केतकीपान

नमस्कार मंडळी,

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मेक्सिकोला जायचं ठरतंय, कॅनकूनला हॉटेल बुक झालंय. आम्ही चौघं, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याला माया लोकांच्या इतिहासाचं प्रचंड वेड आहे, त्याला चिचेन इत्झा हे त्यांचं प्राचीन शहर नीट बघायचंय, नुसता पिरॅमिडसमोर फोटो काढून परत यायचं नाहीये, आणि मुलाला त्या सेनोतेत, म्हणजे गुहेतल्या निळ्या पाण्याच्या डोहात पोहायचंय, त्याने व्हिडिओ बघून बघून डोकं खाल्लंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात व्यवस्थित पण जिने नको म्हणतात, आणि मला स्वतःला पोहता येत नाही.

ऑनलाइन बघितलं तर सगळ्या डे टूर एकसारख्याच दिसतात. चिचेन इत्झा, सेनोते, वायादोलिद गाव, बुफे जेवण, हॉटेल पिकअप. पण किमतीत दुपटी-तिपटीचा फरक आहे आणि तो कशामुळे ते काही केल्या कळत नाहीये. कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, टूर निवडताना नक्की काय बघायचं? आणि चिचेन इत्झाच बघावं की दुसरं एखादं ठिकाण आमच्यासारख्यांना जास्त सोयीचं पडेल?

बारामाही_भटके

केतकी, टूरमध्ये कुठली कुठली ठिकाणं आहेत याची यादी बघूच नका, ती सगळ्यांची सारखीच असणार. क्रम बघा. पहिलं ठिकाण कुठलं आणि तिथे किती वाजता पोचवणार, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरावर तुमचा अख्खा दिवस ठरतो.

स्वस्त टूरचं गणित असं असतं की बस सकाळी सहा-सातला निघते, मग हॉटेल झोनमधल्या दहा हॉटेलांतून माणसं गोळा करते, मग सगळ्यांना एका ठिकाणी उतरवून दुसऱ्या बसमध्ये बसवतात, मग वाटेत हस्तकलेच्या दुकानात तास-पाऊण तास थांबा, तिथे चांदी आणि ऑब्सिडियनच्या (ज्वालामुखीच्या काळ्या काचेच्या) वस्तू, माया कॅलेंडरवर तुमचं नाव वगैरे. त्यानंतर सेनोते, जेवण, आणि चिचेन इत्झाला पोचता पोचता दुपारचा एक-दीड. मधलं मैदान पूर्ण उघडं आहे, सावली फक्त कडेच्या झाडांखाली, तेव्हा त्या उन्हात नऊ वर्षांचं पोर आणि सासूबाई घेऊन फिरणं म्हणजे काय होईल तुम्हीच बघा. गेट सकाळी आठला उघडतं. आठ ते दहा हे दोन तास म्हणजे वेगळीच जागा असते, हवा बरी असते आणि कॅनकूनच्या बसेस अजून रस्त्यात असतात.

किमतीतल्या फरकाचं दुसरं कारण प्रवेश फी. चिचेन इत्झाला दोन तिकिटं लागतात, एक केंद्र सरकारच्या पुरातत्त्व संस्थेचं (इनाह म्हणतात तिला) आणि एक युकातान राज्याचं. दोन्ही मिळून परदेशी माणसाला ६०० पेसोंच्या वर जातात आणि दर जवळजवळ दरवर्षी वाढतात. स्वस्त टूरवाले बारीक अक्षरात "कर वेगळा" लिहितात आणि बसमध्ये बसल्यावर माणशी रोख मागतात, तिथे चौघांची रक्कम एकदम अंगावर येते. बुक करण्याआधी लेखी विचारून घ्या की दोन्ही तिकिटं, सेनोतेचं तिकीट आणि लाइफ जॅकेट धरलंय का. जेवण धरलेलं असतं पण पाणी-सरबताचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे.

आणि रविवार टाळा. रविवारी मेक्सिकन नागरिकांना पुरातत्त्व स्थळांवर फी माफ असते त्यामुळे स्थानिक कुटुंबं भरपूर येतात. त्यांच्यासाठी ते छानच आहे पण तुम्हाला निवांत बघायचं असेल तर मधला वार धरा.

दगडधोंडे

वरचं सगळं बरोबर, फक्त तुमच्या मिस्टरांच्या बाजूने मला बोलायचंय, कारण बरेच लोक चिचेन इत्झा आणि सेनोते म्हणजे सकाळी इतिहास आणि दुपारी पिकनिक असे दोन वेगळे कार्यक्रम समजतात. तसं नाहीये हो! उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. सगळा चुनखडीचा दगड, पाऊस पडला की पाणी खाली मुरतं आणि जमिनीखालच्या वाटांनी वाहतं, आणि जिथे वरचं छत कोसळलं तिथे सेनोते तयार झालं. म्हणजे शहर वसवायचं तर या विवरांच्या आसऱ्यानेच वसवायला लागायचं. चिचेन इत्झामध्येच दोन मोठी सेनोते आहेत, श्तोलोकचं पाणी रोजच्या वापराला आणि उत्तरेचं पवित्र सेनोते देवाला.

हे पवित्र सेनोते जवळपास ६० मीटर रुंद आहे, पिरॅमिडपासून एक जुना माया रस्ता थेट तिथे जातो. त्यात पोहायला बंदी आहे हे मुलाला आधीच सांगून ठेवा, तिथे जाऊन हिरमुसायला नको. एडवर्ड थॉम्पसन नावाच्या अमेरिकन माणसाने १९०४ पासून त्याचा तळ उपसला, सोनं, जेड, धूप म्हणून जाळायचा कोपाल राळेचा डिंक आणि माणसांची हाडं मिळाली. बरंचसं हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियमला गेलं, काही पुढे मेक्सिकोला परत आलं. याच सेनोतेजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभरएक मुलांचे अवशेष सापडले होते, त्यातल्या ६४ जणांचा डीएनए अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे मुलगेच निघाले, त्यात एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. माया पुराणकथांमध्ये पाताळात उतरणाऱ्या जुळ्या भावांची गोष्ट आहे, त्यामुळे संशोधकांनी त्याच्याशी संबंध जोडून बघितला. वाचून पोटात कालवतं पण त्या पाण्याला ती माणसं काय समजत होती ते कळतं.

खुद्द कुकुल्कान या नागदेवाच्या मुख्य पिरॅमिडखालीही पाण्याने भरलेली पोकळी असावी असं मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये विद्युत मोजणीवरून सांगितलं. पिरॅमिडच्या चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक धरून ३६५, हे गाइड सांगेलच. वर चढायला बरीच वर्षं बंदी आहे, खालूनच बघायचं. पण नुसतं पिरॅमिड, चेंडूचं मैदान, फोटो एवढ्यावर गाइड आटपत असेल तर ती टूर नको. चेंडूचं मैदान १६८ मीटर लांब आहे, मेसोअमेरिकेतलं (मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींच्या प्रदेशातलं) सगळ्यात मोठं, तिथे भिंतींवरची कोरीव चित्रं वाचून दाखवणारा माणूस हवा. आणि दक्षिणेच्या भागात नेतात का ते नक्की विचारा! तिथे कॅराकोल नावाची गोल वेधशाळा आहे, जिच्या खिडक्यांचा संबंध शुक्राच्या उगवण्या-मावळण्याशी लावतात, आणि पुढे ला इग्लेसिया नावाची छोटी इमारत, तिच्यावर पर्जन्यदेव चाकचे लांब नाकाचे मुखवटे ओळीने आहेत. पाण्यासाठी आसुसलेल्या शहराने पावसाच्या देवाचा चेहरा भिंतभर कोरलाय, ते बघितल्याशिवाय चिचेन इत्झा बघितलं असं मी तरी म्हणणार नाही. घाईच्या टूर हा भाग सर्रास गाळतात.

टूर न घेता गेटवर परवानाधारक गाइडही मिळतो, गळ्यात पर्यटन खात्याचं ओळखपत्र असतं ते बघा, दर आणि भाषा आधी ठरवा. चौघांत तो खर्च वाटला की मोठ्या बस टूरपेक्षा समाधान कितीतरी जास्त मिळतं.

निळाई

मी पाण्याबद्दल सांगते 🙂

चिचेन इत्झाच्या टूरमध्ये नव्वद टक्के वेळा इक किल नावाचं सेनोते असतं, तिथून तीनेक किलोमीटरवर. वरून बघितलं तर एखादी प्रचंड गोल बारव वाटते, कडेने वेली आणि झाडांची मुळं खाली लोंबतायत आणि पाणी काठापासून पंचवीसेक मीटर खाली. दगडात कोरलेल्या पायऱ्या आहेत, ओल्या असतात, सासूबाईंनी उतरू नये. पण वरच्या काठावरून अख्खं सेनोते दिसतं, बाग आहे, सावलीत बसायला जागा आहे, त्यामुळे त्या वरून नातवाला हात करू शकतील. पाणी चाळीसेक मीटर खोल आहे, लगेच खोल होतं, हळूहळू उतरत जाणारा किनारा नाही, त्यामुळे लाइफ जॅकेट घालावंच लागतं, सगळ्यांनाच. तुम्हाला पोहता येत नसलं तरी जॅकेट घालून कडेच्या दोरीला धरून आरामात तरंगता येतं, अजिबात घाबरू नका, ते पाणी अंगावर घेतल्याशिवाय परत येऊ नका.

फक्त इक किलला जेवणाच्या वेळेला बसेस एकदम येतात आणि मग पाण्यात केशरी जॅकेटांची जत्रा. अकराच्या आसपास गेलात तर बरं. योकझोनोत नावाचं एक सेनोते चिचेन इत्झाच्या पश्चिमेला आहे, गावातल्या माया बायकांनी एकत्र येऊन साफ करून चालवलंय, स्वयंपाकही त्याच करतात, मला ते मनापासून आवडतं आणि पैसे थेट गावात जातात. मोठ्या बसेस तिथे फारशा जात नाहीत, खाजगी गाडी असेल तर ड्रायव्हरला सांगा.

सनस्क्रीन, मच्छर पळवायचं क्रीम, बॉडी लोशन काहीही लावून पाण्यात उतरायचं नाही, आधी शॉवर घ्यायला लावतात. यावरून लोक कुरकुर करतात, मला खरंच राग येतो. ते पाणी स्विमिंग पूलचं नाही, जमिनीखाली एकमेकांना जोडलेलं आहे, तुलुमकडची साक आक्तुन नावाची बुडालेल्या गुहांची रांग २०१८ मध्ये डायव्हर्सना दुसऱ्या रांगेशी जोडलेली सापडली आणि एकूण ३४७ किलोमीटर भरली होती, आणि तेच पाणी त्या प्रदेशाचं पिण्याचं पाणी आहे. मुलाला लांब बाह्यांचा स्विमिंग शर्ट घाला, क्रीमची गरजच पडत नाही. पाणी बाराही महिने २४-२५ डिग्री, उन्हातून आल्यावर पहिल्यांदा गार वाटतं. पाण्यात चालतील असे बूट, टॉवेल, कोरडे कपडे आणि लॉकरसाठी रोख पेसो.

सासूबाईंच्या दृष्टीने दुसरा पर्याय म्हणजे कोबा, हेही जुनं माया शहर. तिथे जंगलातून सपाट रस्ते आहेत आणि तीनचाकी सायकलवाले पुढे बसवून मुख्य पिरॅमिडपर्यंत नेतात, वर झाडांची सावली. तो पिरॅमिड नोओच मुल, ४२ मीटर, चिचेन इत्झाच्यापेक्षा उंच. जवळच चू-हा, तामकाच-हा अशी गुहेतली सेनोते आहेत, मात्र तिथे उतरायला जिने आहेतच. अजिबात जिने नको असतील तर प्लाया देल कार्मेनच्या दक्षिणेला सेनोते अझुल आणि क्रिस्तालिनो ही उघडी, जमिनीच्या पातळीवरची आहेत, उथळ कडेला पाय सोडून बसलं की छोटे मासे पायाशी येतात. त्यांच्याबरोबर तुलुमचे समुद्रकाठचे अवशेष एका दिवसात होतात. पण तुलुमला ऊन फार आहे आणि इतिहासवेड्या माणसाचं समाधान तिथे चिचेन इत्झाइतकं होणार नाही, हे आधीच सांगते.

मीठभाकर

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, तिकडे राजम्यासारख्या काळ्या घेवड्यातही डुकराची चरबी घालतात. "सिन कार्ने, सिन मान्तेका" असं म्हणायचं, म्हणजे मांस नको, चरबी नको. बुफेमध्ये भात, भाज्या, फळं, मक्याच्या तोर्तिया मिळतात, पोट भरतं. हाबानेरो मिरचीची चटणी बेतानेच घ्या, आपण तिखट खाणारे असलो तरी ती वेगळीच आहे.

केतकीपान

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद! नवऱ्याला दगडधोंडे यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, आता तो दक्षिणेच्या भागाशिवाय ऐकायलाच तयार नाही.

आता असं वाटतंय की कॅनकूनहून एका दिवसात ओढाताण करण्यापेक्षा दोन रात्री वायादोलिदला राहावं आणि तिथून चिचेन इत्झा करावं. हे जमेल का? दुसरं म्हणजे २० किंवा २१ मार्चला पिरॅमिडवर सापाची सावली दिसते म्हणतात, मुद्दाम त्याच दिवशी जावं का?

बारामाही_भटके

वायादोलिदचा विचार एकदम योग्य. कॅनकूनपासून चिचेन इत्झा २०० किमी, अडीच तास, आणि वायादोलिदपासून फक्त ४५ किमी. कॅनकूनहून वायादोलिदला एडीओ कंपनीची बस आहे, एसी, आरामशीर. माया ट्रेनही आहे पण तिचं स्टेशन गावाबाहेर पडतं, सामान आणि सासूबाई असताना बसच बरी. वायादोलिदहून सकाळी टॅक्सी ठरवा, परतीच्या वाटेवर इक किल घ्यायचं हेही निघतानाच ठरवा. आठला गेटवर, साडेदहा-पावणेअकरापर्यंत दक्षिणेचा भाग धरून बघून होतं, मग सेनोते, दुपारी हॉटेलवर येऊन सासूबाईंना आराम.

दुसऱ्या दिवशी 'एक बालाम' या जुन्या माया शहराला जा, वायादोलिदच्या उत्तरेला तीसेक किमी. तिथल्या राजाच्या थडग्यावर चुन्याच्या गिलाव्यात घडवलेलं राक्षसाचं उघडं तोंड आणि पंखवाल्या आकृती अजून शाबूत आहेत, मला तर चिचेन इत्झापेक्षा तिथला कारागीर जास्त जवळचा वाटतो. बाजूलाच 'शकानचे' नावाचं सेनोते आहे, सायकल किंवा सायकलरिक्षाने जाता येतं. सासूबाईंना नको वाटलं तर त्या दिवशी त्या वायादोलिदच्या चौकातच मजेत बसतील.

घड्याळाचं मात्र सांभाळा. कॅनकून किनताना रो राज्यात आहे आणि वायादोलिद युकातानमध्ये, कॅनकूनचं घड्याळ एक तास पुढे असतं. जाताना तास मिळतो, येताना जातो. परतीच्या विमानाच्या दिवशी हे हिशोबात धरा, आणि टूर घेतलीच तर वेळ कुठल्या राज्याची सांगतायत ते विचारा.

सापाच्या सावलीसाठी २०-२१ ला हजारोंनी माणसं येतात, सावली उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर दुपारी उशिरा दिसते, म्हणजे तळपत्या उन्हात गर्दीत तासन् तास उभं राहायचं, आणि ढग आले तर काहीच नाही. तीच सावली आधीचे-नंतरचे काही दिवसही बऱ्यापैकी दिसते. तुमच्या कुटुंबाला घेऊन मी १६-१७ च्या आसपास गेलो असतो, सकाळी आठला. मिस्टरांना सावली बघायचीच असेल तर ते त्याच दिवशी दुपारी एकटे परत जाऊ शकतात, तिकीट पुन्हा काढावं लागेल आणि शेवटचा प्रवेश चारला बंद होतो, तेव्हा तीनच्या आत पोचायला सांगा.

केतकीपान

ठरलं मग, १६ ला वायादोलिद. हॉटेलची तारीख आजच बदलून घेते.