अनुभव सांगा: तुमचं फीड तुम्ही कसं ताळ्यावर आणलंत?

सांगलीकर (धागा काढणारा)

जुलै २०२१. पाऊस हटायला तयार नाही, वर कोयनेतून पाणी सोडलेलं. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, अशा दिवसांत सांगलीत माणसं एकमेकांना फक्त "किती झालं?" एवढंच विचारतात. म्हणजे आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं, त्यामुळं घरात कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

मोबाईल उघडला तर फीडमध्ये सगळ्यात वर पुलाचा फोटो. "आत्ताच, ४३ फूट." म्हणलं चला, अजून वेळ आहे. आईनं चहा टाकला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका दारात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "अरे गाडी काढ की, पाणी कोपऱ्यावर आलं!" गाडी काढून आल्यावर ती पोस्ट नीट बघितली. नावाखाली बारीक अक्षरात तास लिहिलेले होते: १८. भरपूर लाइक पडलेले, म्हणून अठरा तासांनीही ती वरच बसलेली.

माध्यमाचं नाव घेत नाही, कारण तेव्हा मी कुठंही असतो तरी हेच झालं असतं. त्या दिवसापासून मी सेटिंगमध्ये बोटं घालायला लागलो. तुम्ही काय काय केलंत? कुठलं माध्यम कशासाठी ठेवलंय? ज्ञान नको, स्वतःवर बेतलेलं सांगा.

बागायतदार, तासगाव

द्राक्षवाल्यांचं फीड म्हणजे औषधाचं दुकान झालंय बघा. एकदा डाऊनीवरचा (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) एक व्हिडिओ बघितला, तर महिनाभर फवारणीच फवारणी. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात, आभाळ भरून आलेलं, आणि समोर व्हिडिओ: "उद्या गारपीट, आजच ही फवारणी घ्या." मी रात्री नऊला ट्रॅक्टर जोडला. बायको म्हणाली, जरा तारीख तरी बघा. बघितली तर दोन वर्षांपूर्वीचा! वर तो गडी नाशिककडचा. त्याची छाटणी कधीची, माझी कधीची, काय मेळ?

आता नियम एकच. व्हिडिओखाली "किती दिवसांपूर्वी" हे वाचल्याशिवाय पुढं बघायचं नाही. नको ते चॅनेल आलं की तीन टिंबांवर बोट ठेवून "चॅनेलची शिफारस करू नका". नुसतं "रस नाही" दाबून भागत नाही, त्याचा भाऊबंद येतोच. फवारणीचं विचाराल तर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावरचा सल्ला येतो, तो आमच्या गटात कुणीतरी टाकतो. तेवढं बास.

अभ्यासिका_सातारा

माझा उपाय जरा टोकाचा आहे. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद केली आणि जुनी सगळी पुसली. २०२३ च्या ऑगस्टपासून असं केलं की होम पेज रिकामंच दिसतं, फक्त वर शोधायची पट्टी. पहिले दोन दिवस हात आपोआप तिकडं जायचा आणि पांढरा पडदा बघून परत यायचा. एमपीएससीची लेक्चरं सबस्क्रिप्शनमधून बघतो. टेलिग्रामला फोल्डर केलेत: एक चालू घडामोडींचा, एक जाहिरातींचा (भरतीच्या हो!), बाकी सगळं म्यूट.

इन्स्टा मात्र सुटत नाही. त्यावर उपाय असेल तर मीच विचारतोय.

साडीवाली ताई, शाहूपुरी

@अभ्यासिका, इन्स्टावर फॉलोइंग आणि फेव्हरेट्स असे दोन वेगळे फीड २०२२ पासून आहेत, दोन्हींत नवीन पोस्ट वर. फेव्हरेट्समध्ये ५० खाती बसतात, मी अकराच ठेवलीत. सुचवलेल्या पोस्टी ३० दिवस थांबवताही येतात. महिना झाला की परत चालू, पुन्हा थांबवायच्या. रॉकेलच्या रांगेसारखं, दर महिन्याला.

आता माझं. मी घरून साड्या विकते. रीलला लाइक येतात कुठून कुठून, हिंदीत "प्राइस प्लीज" विचारतात आणि गायब. पोवई नाक्यापलीकडची बाई साडी घेते ती व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघून. पण त्यात एक गोम आहे, दोघींकडं एकमेकींचा नंबर सेव्ह असला तरच स्टेटस दिसतं. मला हे वर्षभर माहीत नव्हतं! मी रोज सकाळी दहाला पदर पसरून फोटो काढतेय आणि निम्म्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचतच नाहीये. आता पिशवीत साडीबरोबर चिठ्ठी घालते, "नंबर सेव्ह करा, ताई".

जुनं खोड

तुम्ही सगळे उलट्या दिशेनं तिथंच पोचताय जिथं आम्ही आधी होतो. आरएसएस म्हणून एक प्रकार होता. होता काय, आहे. ज्या साइटी हव्यात त्यांची यादी करायची, नवीन लेख आला की ओळीनं दिसतो, मधे कुणी शहाणा नाही. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलेलं. आता दुसरा रीडर वापरतो. यूट्यूब चॅनेलसुद्धा त्यात घालता येतं.

'कू' नावाच्या देशी माध्यमावर गेलो होतो, ते २०२४ ला बंद पडलं. ब्लूस्कायवर फीड कुणाचं लावायचं हे आपणच ठरवतो, व्यवस्था झकास. पण "सांगली" शोधलं की मीच दिसतो.

कासकाठचा

पुण्याचे पाहुणे रील दाखवत आले, अख्खं पठार जांभळं. "हेच बघायचं." म्हणलं दाजी, ही टोपली कारवी, सात वर्षांनी एकदा फुलते, ही रील फुललेल्या सालातली. त्यांना पटेना. कासला जाऊन आले, तेरडा बघितला, आणि येताना माझ्यावरच रुसले.

फीडचं म्हणाल तर फेसबुकला मी मेनूतल्या 'फीड्स' भागात जातो, तिथं ताजं आधी येतं. पण अ‍ॅप पुन्हा उघडलं की मूळ पानावर. रोज जावं लागतं.

बागायतदार, तासगाव

@कासकाठचा, दाजींना आमच्या बागंत पाठवा, फवारणीचे व्हिडिओ दाखवतो.

सांगलीकर

सगळ्यांचं वाचलं. ताईंची चिठ्ठी भारी. मी सध्या फेसबुकला ३० फेव्हरेट्सची सोय वापरतो, आणि पुराच्या दिवसांत फीडकडं बघतच नाही. गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, तिथं निदान शेवटचा मेसेज शेवटी असतो. ग्रुपमध्ये ठरलंय, फोटो टाकताना वेळ लिहायची, आणि "आत्ताच" लिहिणाऱ्यानं भडंग आणायचे.

काल आईच्या फोनवर तो ग्रुप पिन करून दिला, सगळ्यात वर. म्हणाली, "पिन राहू दे, आधी अक्षर मोठं कर."