कडा जलाशयापर्यंतची रानवाट: मार्चअखेरीस जावे का?

दांडियाबाजारकर:
नमस्कार. बडोद्यातील आमची तीन-चार कुटुंबे जांबुघोडा अभयारण्यातून कडा जलाशयापर्यंत पायी जाण्याचा विचार करीत आहेत. बरोबर दहा-बारा वर्षांची मुले असतील, शिवाय साठी ओलांडलेले माझे सासरे. मुलांच्या परीक्षा संपल्यावर, म्हणजे मार्चअखेरीस, निघावे आणि ऊन तापण्याआधी चालणे उरकावे म्हणून उजाडता उजाडता रानात शिरावे, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. हा बेत योग्य आहे का?

रानवाट:
मार्चअखेर आणि तीही पहाट, ही वेळ मुलांना घेऊन मी कधीच निवडणार नाही, आणि त्याचे कारण ऊन नसून मोह आहे. त्या रानात सागाबरोबर मोहाचीही झाडे पुष्कळ आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांची मांसल, फिकट पिवळी फुले रात्रभर गळत राहतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. तो वेचण्यासाठी आसपासच्या गावांतील राठवा आणि नायक या आदिवासी समाजांतील कुटुंबे टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, आणि त्याच फुलांच्या ओढीने अस्वलेही येतात. अस्वलाचे नाक तीक्ष्ण असले तरी नजर अधू असते. खाण्यात गढलेले असताना माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि मग दचकून ते पळण्याऐवजी अंगावर येण्याची भीती असते.

एखाद्या झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली दिसली, तर ती फुले वेचण्यासाठी केलेली असते. तेथे मुलांना रेंगाळू देऊ नये. फुले तर मुळीच उचलू नयेत, कारण या दिवसांत अनेक घरांचा पैसा त्यांवर चालतो.

माझ्या मते नाताळच्या सुटीत जावे. तेव्हा जलाशयात पाणी चांगले असते आणि पाहुणे पक्षीही आलेले असतात. सूर्य नीट वर आल्यावर निघावे, आपसांत बोलत, एकमेकांना धरून चालावे आणि दुपार कलण्याआधी परतावे, कारण त्या रानात बिबटेही आहेत.

हालोलचा प्रवासी:
वरील मत मला पटते, मात्र मार्च पूर्णपणे वर्ज्य मानण्याची गरज नाही. परीक्षांमुळे दुसरी सुटी मिळतच नसेल, तर आतल्या पायवाटा सोडून द्याव्यात, गाडीने धरणापर्यंत जावे आणि सकाळी उशिरा काठाकाठाने थोडेसेच फिरावे. सासऱ्यांच्या दृष्टीनेही हेच बरे. बडोद्याहून हालोल आणि शिवराजपूरमार्गे जांबुघोडा साधारण ७० किलोमीटर पडते. हे १९९० मध्ये घोषित झालेले अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या या दोन्ही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात.

पाणपक्षी:
रानाबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून मी पाण्याविषयीच लिहितो. उन्हाळ्याकडे जाताना पातळी उतरते आणि काठाचा गाळ उघडा पडतो. वरचा थर वाळून त्याला भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे तो टणक वाटतो, पण खाली ओल तशीच असते आणि पाय पोटरीपर्यंत रुततो. मुले पक्षी पाहायला हमखास तिकडेच धावतात. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या काठी राहणाऱ्या आपल्या लोकांना मगर नवी नाही. पाण्याच्या कडेपासून दूर राहण्याचा घरचा नियम येथेही तितक्याच कडकपणे पाळावा. दुर्बीण असेल, तर बांधावरून बदके उत्तम दिसतात.

दांडियाबाजारकर:
सर्वांचे मनापासून आभार. मोहाच्या हंगामाचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. पायी जाण्याचा बेत आता नाताळच्या सुटीवर ढकलत आहोत. सासरे गाडीने धरणापर्यंत येतील आणि आम्ही वाटाड्यासह चालत तेथे पोहोचू. परवानगीसाठी या आठवड्यातच वनखात्याच्या कार्यालयात जाऊन येतो.